गालिच्याखालचा कोंबडा

वेल्बी, इंडियाना
१४ ऑक्टोबर १९८८

प्रिय वर्ना,

तुझ्या संत्र्यांची पेटी पोचली. दोन सडली होती, बाकीची मी आणि शेजाऱ्यांनी फस्त केली. नणंदेने पाठवलेल्या वस्तूत खोट काढू नये, असं तुझ्या आईने मला लग्नाच्या दिवशीच बजावलं होतं. पण सडलेलं ते सडलेलंच, त्याला मी काय करू?

आता मुद्द्याचं. आमची क्लोव्हर रिजची शाळा जूनमध्ये कायमची बंद करायचं घाटतंय. परवा तुझा धाकटा भाऊ, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या समस्त शाळांचे साहेब मर्ल हॉस्टेटर, स्वतः येऊन सांगून गेला. पैसा नाही म्हणे. माझ्या दुसरीच्या वर्गातली पोरं आता वेल्बीच्या मोठ्या शाळेत जाणार. बसने जाऊन-येऊन दोन तास! सात वर्षांची पोरं गं, अंधारात घर सोडतील आणि अंधारात परत येतील. घराशेजारची शाळा गेली की ते गावही फार दिवस टिकत नाही, हे आपण दोघींनी पाहिलंय.

मी विचारलं, "मर्ल, दोन वर्षांपूर्वी आमची शाळा गरम ठेवायला नवा बॉयलर मंजूर झाला होता, तो कुठल्या गावी अडकलाय? पोरं कोट घालून पाढे म्हणतात." तर म्हणाला, "ओपल, तू वर्ग सांभाळ, बॉयलरचं मी बघतो." आणि जाताना माझ्या डब्यातली बिस्किटं खिशात घालून गेला. मेला लाघवी इतका आहे की धड रागावताही येत नाही.

आणखी एक. हायस्कूलच्या जिमची, बास्केटबॉल खेळतात तिथली जुनी लाकडी जमीन उन्हाळ्यात उखडली आणि नवी घातली. जुनी जमीन निघाली की तिचे तुकडे गावाला विकायचे, ही आपल्याकडची रीत. माझा हार्लन ज्या कोपऱ्यातून चेंडू टाकायचा तिथली एक फळी मला हवी होती. मर्ल म्हणाला, छत गळून सगळं लाकूड कुजलं होतं, जाळून टाकलं. नवऱ्याच्या दफनाच्या वेळी मी रडले नव्हते, पण त्या फळीसाठी स्वयंपाकघरात बसून रडले. तूच सांग, माझं डोकं ठिकाणावर आहे का?

शाळामंडळ मार्चमध्ये मत देणार आहे. तू दर रविवारी मर्लशी फोनवर बोलतेस, तेव्हा आमच्यासाठी एक शब्द टाक.

तुझी भावजय,
ओपल


टक्सन, ॲरिझोना
३० ऑक्टोबर १९८८

प्रिय ओपल,

संत्र्यांवरचा टोमणा मिळाला. पुढच्या वेळी प्रत्येक संत्र्याची वैद्यकीय तपासणी करून पाठवीन.

शाळेचं वाचून वाईट वाटलं. पण मर्लवर राग काढू नकोस. पैसा काही तो टाकसाळीत पाडत नाही, लोकांनी कर दिला तर खर्च करणार. आई कारखान्यातून थकून यायची, हार्लनला खेळापुढे काही दिसायचं नाही, मर्लला भरवलं-निजवलं ते मी. त्याची नस न् नस मला माहीत आहे. हायस्कूलच्या संघात तीन वर्षं नाव दिलं आणि तिन्ही वर्षं त्याला काढून टाकलं, तेव्हा कोठारामागे जाऊन हमसून रडायचा. मोठ्या भावाच्या सावलीत वाढलेलं पोर ते. आज सगळं गाव त्याला साहेब म्हणतं, याचं मला कौतुक आहे, आणि राहणार.

एवढ्या वर्षांनी आत्ता कुठे त्याने तळ्याकाठी चार भिंती उभ्या केल्या. पश्चिमेला मोठी खिडकी, शेकोटी. म्हणतो, संध्याकाळी तिथे बसलं की जीव शांत होतो. तोही होऊ द्यायचा नाही का?

एक शब्द टाकीन. वचन देत नाही.

तुझी,
वर्ना


वेल्बी
२० नोव्हेंबर १९८८

प्रिय वर्ना,

कुठलं तळं?

मर्लचं घर चर्चमागे, तुझ्या-माझ्या माहितीतलं. शनिवार-रविवार तो आणि बॉनी तिच्या माहेरी जातात, असं बॉनी साऱ्या गावाला सांगते. बॉनीचं माहेर तर मक्याच्या शेताच्या मधोमध आहे. तिथे गुरांना प्यायच्या हौदाखेरीज पाणी नाही. तेव्हा कुठलं तळं, कुठली खिडकी, जरा सविस्तर लिही.

मंगळवारी शाळामंडळाची बैठक होती. तुला आठवत असेल, कुणीही उठून बोलावं, पण प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवतात, अंडी उकडायला लावतो ते. ते वाजलं की वाक्य अर्धं टाकून खाली बसायचं, मग तुम्ही पाद्री असा की जमीनदार. लेस्टर किनमन बोलला. हार्लनच्या संघातला उंच लेस्टर, आठवतो ना? आता वाकलाय. तो म्हणाला, "माझ्या शेतावरचा शाळेचा कर दर वर्षी वाढतोय, आणि शाळा दर वर्षी आटतेय. गाय जास्त खाते आणि दूध कमी देते, तेव्हा मी गोठ्यात जाऊन बघतो की रात्रीचं कोण पिळून नेतंय." सगळे हसले. मर्लही हसला. मग मी बोलले आणि मर्लने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. "आमच्या ओपलसारखे शिक्षक आहेत म्हणून हा जिल्हा आहे," म्हणाला. टाळ्या वाजवून शाळा बंद करायची ही कला त्याने कुठून उचलली?

उत्तर लिही. तळ्याचं विसरू नकोस.

ओपल


टक्सन
११ डिसेंबर १९८८

प्रिय ओपल,

तळ्याचं एवढं काय घेऊन बसलीस! भाड्याची झोपडी असेल कुणाची तरी. मर्ल फोनवर दहा गोष्टी सांगतो, मी पाच ऐकते आणि लिहिताना दोन चुकवते. सोडून दे.

सोबतच्या खोक्यात तुझ्या वर्गासाठी लोकरीचे हातमोजे आहेत. टक्सनमध्ये हातमोजे मिळत नाहीत, म्हणून मीच विणले. दातांच्या डॉक्टरकडे मी दारात बसते ना, रोगी आत बोंबलत असतो आणि मी बाहेर विणत असते. इकडचे लोक थांबून विचारतात, बाई, हे कशासाठी? मी सांगते, इंडियानात एक शाळा आहे, तिथली पोरं कोट घालून पाढे म्हणतात.

नाताळच्या शुभेच्छा. हार्लनच्या थडग्यावर माझ्या नावाने एक हिरवी डहाळी ठेव.

वर्ना


वेल्बी
२३ जानेवारी १९८९

प्रिय वर्ना,

पोरांना हातमोजे फार आवडले. पेन्सिल धड धरता येत नाही, पण काढायला कुणी तयार नाही.

आता नीट बैस, आणि विणकाम बाजूला ठेव.

शनिवारी मर्लने हार्लनच्या एक्कावन्न सालच्या संघाला जेवायला बोलावलं. पाच जण उरलेत. हार्लनच्या जागी मला बोलावणं होतं. पत्ता दिला तो तळ्याचा. झोपडी नव्हे गं, घर आहे! दोन मजली, पश्चिमेला खिडकी, शेकोटी, सगळं तू लिहिलं होतंस तसं. बॉनीने पोर्क भाजलं होतं आणि पर्सिमन फळाचं पुडिंग केलं होतं. बर्फ नव्हता, बूट कोरडे खडखडीत होते, आम्ही बैठकीच्या खोलीत शिरणार एवढ्यात मर्ल ओरडला, "बूट! बूट काढा!"

आम्ही काढले. पण तूच सांग, आपल्याकडे कुणी कुणाच्या घरात बूट काढतं का? चर्चमध्ये बुटांनी जातो, गव्हर्नरच्या घरी गेलो तरी बुटांनीच जाऊ. बूट काढायचे ते फक्त एका ठिकाणी, जिमच्या जमिनीवर. तिथे बाहेरचा बूट टाकला तर कोच कान धरून बाहेर काढायचे. मर्लच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं, आणि निघताक्षणी त्याचा चेहरा पडला.

पाच म्हातारे मोज्यांवर उभे. मध्यावर बॉनीचा मोठा गालिचा. लेस्टर खाली बघत म्हणाला, "मर्ल, आयुष्यात मी एकाच जमिनीसाठी बूट काढलेत." आणि पायाच्या अंगठ्याने त्याने गालिच्याचा कोपरा उचलला. लाल तुरा दिसला. मग पिवळी चोच. आपल्या वेल्बीच्या संघाचं चिन्ह, मैदानाच्या मधल्या वर्तुळात रंगवलेला कोंबडा, जसाच्या तसा! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी नुसतं ऐकून होते, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

त्या कोंबड्यावर रंधा मारायला मर्लचं मन झालं नाही. दुसरा कुणी चोर असता तर त्याने आधी तेच केलं असतं.

पुढचं खरं सांगू? आरडाओरडा झालाच नाही. त्या म्हाताऱ्यांनी गालिचा गुंडाळून भिंतीला लावला आणि वेड्यासारखे आपापल्या जागा शोधायला लागले. "मी इथे होतो," "नाही, ती माझी जागा, तू पलीकडे." हार्लनचा कोपरा त्यांनी मला दाखवला. मी तिथे उभी राहिले. मर्ल मधोमध कोंबड्यावर उभा होता, आणि वर्ना, तेवढी दहा मिनिटं तो पन्नाशीचा माणूस शेवटी संघात आला होता. मला त्याची फार दया आली.

तेवढ्यात बॉनी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "मोज्यांवरसुद्धा पाय गरम राहतात बघ ओपल. खाली शाळेच्या मापाचा बॉयलर आहे. मर्लला स्वस्तात मिळाला." बॉनी भोळी आहे, तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी माझ्या पायांकडे पाहिलं. माझी पोरं तुझे हातमोजे घालून लिहितात, आणि त्यांची ऊब माझ्या मोज्यांखाली.

पुडिंग खाल्लं आणि घरी आले. पण तुला विचारते, कारण खिडकी आणि शेकोटी तुला आधीपासून ठाऊक होती. तुला आणखी काय ठाऊक आहे?

ओपल


टक्सन
२ फेब्रुवारी १९८९

ओपल,

घर माझ्या नावावर आहे.

दोन वर्षांपूर्वी मर्लने कागद पाठवले होते. म्हणाला, कराच्या भानगडी सोप्या होतात, आणि म्हातारपणी तू इकडे परत येशील तेव्हा तुला छप्पर हवं. मी न वाचता सह्या केल्या. भावाने दिलेला कागद वाचायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जमिनीचं आणि बॉयलरचं मला ठाऊक नव्हतं, आईची शपथ. पण तू तळ्याचं विचारलंस तेव्हा मला शंका आली होती, आणि मी तुला झोपडीची थाप मारली. ते मात्र मी जाणूनबुजून केलं.

आता तुझ्यापुढे पदर पसरते. बोलू नकोस. त्याला सांगून मी सगळं गुपचूप परत करायला लावते. बॉयलर, लाकूड, सगळं. तो तुरुंगात गेला तर मी कुणाला फोन करू रविवारी? हार्लन असता तर त्याने धाकट्या भावाला पाठीशी घातलं असतं.

वर्ना


वेल्बी
९ फेब्रुवारी १९८९

प्रिय वर्ना,

हार्लन असता तर त्याने मर्लच्या कानाखाली वाजवली असती, मग त्याला जेवायला वाढलं असतं, आणि मग त्याला घेऊन मंडळापुढे गेला असता. तुझा भाऊ होता तो, पण संसार माझ्याशी केला.

गुपचूप परत म्हणजे काय? बॉयलर गुपचूप येईल, आणि शाळा उघडपणे बंद होईल. पैसा नाही असं सांगून बंद करतायत ना? मग पैसा कुठे गेला ते लोकांना कळल्याशिवाय एक मत बदलायचं नाही. लेस्टर आणि बाकीचे अजून गप्प आहेत. त्यांना मर्लची लाज वाटते आणि त्या दहा मिनिटांच्या आनंदाचीही. सगळे माझ्याकडे बघतायत.

१४ मार्चला मी माझी तीन मिनिटं घेणार. तुझं नाव घ्यावं लागेल, ते मी शेवटी घेईन. तुझ्यावर माझा राग नाही. घर तुझं आहे, तेव्हा त्याचं काय करायचं तेही तूच ठरव.

तुझीच,
ओपल


तळ्यावरून
९ मार्च १९८९

प्रिय ओपल,

पत्ता वाचून दचकू नकोस. तुझ्यापासून अर्ध्या तासावर बसून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मला रडू फुटलं असतं आणि कामं राहिली असती. उद्या परतीचं विमान आहे. दातांचा डॉक्टर एकाच आठवड्यासाठी माझ्यावाचून जगायला तयार झाला.

रविवारी न सांगता येऊन थडकले. मर्ल खिडकीत बसला होता. मला पाहून इतका खूश झाला! "वर्ना, बघ, हे सगळं तुझंच." मी म्हटलं, "तेच म्हणते. मालकीण आलेय. तू आता पाहुणा. दोन दिवस राहा आणि मग चालू लाग."

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. मी बूट काढले नाहीत, तशीच आत गेले. ते पाहिलं तेव्हा त्याला कळलं.

"मी तुझ्यासाठी बांधलं गं," म्हणाला.

"मग आधी विचारायचंस, वर्ना, सात वर्षांच्या पोरांच्या बॉयलरवर पाय शेकशील का?"

खूप भांडलो. तो म्हणाला, सगळेच साहेब असं करतात, मी तर त्यांच्यात भिकारी. मी म्हटलं, मी सगळ्या साहेबांना भरवलं नाही, तुला भरवलं. मग तो त्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि सगळं सांगायला लागला. छत गळलंच नव्हतं. लाकूड चांगलं होतं. ओपल, तो लहानपणी रडायचा तसाच रडला, आणि मी लहानपणी पुसायचे तसेच त्याचे डोळे पुसले. पण वकिलाची आधी ठरवलेली वेळ मी बदलली नाही.

घर मी शाळामंडळाच्या नावे करून दिलं. वकिलाने कळवल्यावर राज्याचे हिशेब तपासणारे दोघे आले, त्यांना मी जे ठाऊक होतं ते सांगितलं, माझ्या सह्यांसकट. मला दंड होईल म्हणतात, होवो.

मर्ल काय करणार ते त्याचं त्याला ठाऊक. निघताना माझ्याशी बोलला नाही. तू तुझी तीन मिनिटं घे, आणि माझं नाव शेवटी नको, सुरुवातीला घे.

वर्ना


वेल्बी
१८ मार्च १९८९

प्रिय वर्ना,

बैठकीला बसायला जागा नव्हती. लोक खिडक्यांबाहेर उभे होते. कुणकुण लागलेलीच होती.

बोलायला रांग लागली, आणि रांगेत पहिला कोण असेल? मर्ल. साहेबाच्या खुर्चीत नव्हे, रांगेत, टोपी हातात धरून. अध्यक्ष गोंधळले. म्हणाले, "साहेब, आपण इथून बोला ना." तो म्हणाला, "नको. तिथून मी बरंच बोललोय."

घड्याळ लावलं. त्याने जमिनीपासून सुरुवात केली. बॉयलरपर्यंत पोचला आणि घंटा वाजली. अध्यक्ष सुटल्यासारखे म्हणाले, "वेळ संपली, बसा." त्यांना पुढचं ऐकायचंच नव्हतं. मंडळातल्या दोघातिघांनी न वाचता मान हलवली होती, तेही पुढे येणार होतं ना!

तेवढ्यात लेस्टर मागून म्हणाला, "माझी तीन मिनिटं त्याला द्या." तसं चालतं, नियमात आहे. मर्ल आणखी बोलला. पुन्हा घंटा वाजली, आणि अजून मुख्य गोष्ट राहिली होती, क्लोव्हर रिजसाठी पैसा होता की नव्हता. यानंतर माझा नंबर होता. मी महिनाभर घोकून भाषण तयार केलं होतं, वर्ना. आरशापुढे उभी राहून. त्यात तुझं नाव सुरुवातीला होतं, मर्लला झोंबतील अशी चांगली दोन वाक्यं होती.

मी उठले आणि म्हटलं, "माझी त्याला द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मंडळाकडे बघून म्हणाला, "क्लोव्हर रिज चालवायला पैसा होता. आजही आहे. मी दुसरीकडे वळवला, आणि तुम्ही विचारू नये म्हणून शाळाच बंद करायला निघालो." घंटा वाजायच्या आधी तो खाली बसला.

चार विरुद्ध तीन. शाळा राहिली! लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मी नुसती बसून होते, आणि इतकी सुखात होते की काय सांगू. मर्लने तिथेच राजीनामा दिला. बाहेर शेरीफ उभा होता, त्यानेही टोपी काढून हातात घेतली होती. मर्ल जाताना मी त्याच्या खिशात बिस्किटांची पुडी सरकवली. चोराला खाऊ दिला म्हणून तू मला हसशील. हस.

ओपल


वेल्बी
६ सप्टेंबर १९८९

प्रिय वर्ना,

मर्लला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे तुला बॉनीने कळवलंच असेल. तुझी दोन पत्रं त्याने परत पाठवली, तिसरं ठेवून घेतलं, असंही ती म्हणाली. तू लिहीत राहा. हट्टी आहे, पण तुझ्याच हातचं खाऊन वाढलाय.

काल शाळा उघडली. माझ्या वर्गात एक नवी मुलगी आलीय, कॅसी. मर्लची नात. तिची आई नवऱ्यापासून वेगळी होऊन बॉनीकडे राहायला आली, आणि बॉनी आता माहेरच्या शेतावर राहते, तिथून जवळची शाळा आमचीच. आईने तिला दारात सोडलं आणि मोटारीतून उतरलीसुद्धा नाही, बिचारीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. बाकीची पोरं टकमक बघायला लागली. पोरांना सगळं ठाऊक असतं, जेवणाच्या टेबलाखाली बसून ऐकतात.

कॅसी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हनुवटी वर, अगदी तुझ्यासारखी.

"हीच शाळा माझे आजोबा बंद करणार होते का?"

मनात दहा उत्तरं आली, सगळी गोडगोड. मग मला वाटलं, या घराण्यात एकदा तरी कुणी विचारल्याबरोबर खरं सांगावं.

"हो," मी म्हटलं. "हीच."

तिने खोलीभर नजर फिरवली, भिंतींवरची चित्रं पाहिली, पोरांकडे पाहिलं, आणि दप्तर खांद्यावरून काढत म्हणाली, "बरं. मग मी कुठे बसू?"

तुझी,
ओपल